वाढत्या अंगाचा गिअर

नेदरलँड्स हा सपाट देश आहे असं ज्या कोणी भूगोलाच्या पुस्तकात लिहिलं, त्या गृहस्थांना लिंबुर्गला नेऊन सायकलवर बसवावं आणि आपण मागे नुसतं बघत उभं राहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

लिंबुर्ग म्हणजे या देशाचं दक्षिणेकडे लोंबणारं शेपूट. तिथे टेकड्या आहेत! खऱ्या! मी राहतो रायस्वाइकला, जिथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. त्या एका पुलाच्या जिवावर मी स्वतःला सायकलपटू समजत होतो आणि गेल्या वर्षी ऑफिसच्या मंडळींबरोबर लिंबुर्गला गेलो. पहिल्याच टेकडीच्या मध्यावर दम संपला, पाय टेकला आणि उरलेली टेकडी मी सायकल हातात धरून, गाईंच्या नजरा चुकवत चढलो. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण एका सहकाऱ्याने फोटो पाठवला आणि माझ्या बायकोने, वैशालीने, तो माहेरच्या ग्रुपवर टाकला!

तिचे वडील, अण्णा, सांगलीतल्या शाळेचे निवृत्त पीटी मास्तर. अर्ध्या सांगलीला मैदानाभोवती पळवलेला माणूस. त्यांचा लगेच फोन.

"जावईबापू, सायकल हातात का धरली होती? पंक्चर झाली?"

"नाही, चढ होता अण्णा."

"असं होय! बरं, बरं."

त्या 'बरं, बरं'मध्ये ते मुलीच्या लग्नाचा फेरविचार करताहेत हे मला स्वच्छ ऐकू आलं. मी हादरलो आणि घाईत बोलून गेलो, "पुढच्या वर्षी बघाच! पाय टेकणार नाही!"

"शब्द?"

"शब्द!"

कमी ताकदीत चढायचं तर मागच्या चाकाचं दातेरी चक्र मोठं हवं, एवढं ज्ञान मी व्हिडिओ बघून मिळवलं आणि सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार शांत, उंच डच. माझी सायकल बघून म्हणाला, "आहे त्यापेक्षा एक माप मोठं घे, पुरेल."

'पुरेल' हा शब्द मला झेपत नाही. आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत. पाचवीत घेतलेला शर्ट मी आठवीत घातलेला आहे (पाचवीत तो गुडघ्यापर्यंत होता).

"सगळ्यात मोठं कुठलं?" मी विचारलं.

त्याने काढून दाखवलं. मागे पोळपाटाएवढं चक्र, पुढे त्याच्या जोडीला लहानात लहान, आणि हे सगळं गुंडाळायला लांबलचक चेन. "हे लावलंस तर भिंतही चढशील," तो म्हणाला, "पण..."

"द्या!" (डच माणूस 'पण' म्हणाला की पुढचं ऐकून घ्यावं, हे मला आता कळतं.)

बसवायचं काम मी घरी, स्वयंपाकघरात काढलं. आमची लेक इरा मराठी समजते, पण उत्तर तिच्या सोयीच्या भाषेत देते. ती चक्राकडे बघून म्हणाली, "बाबा, इज दॅट अ पिझ्झा?"

वैशालीने चाक धरलं, मी पान्याला लटकलो.

"घट्ट धर!"

"धरलंय! चाक नाही, तू हलतोयस!"

तेवढ्यात कडाड्! आम्ही दोघं एका सुरात किंचाळलो. जुनं चक्र सुटलं होतं, आणि त्याचबरोबर मीही सुटून थेट बटाट्यांच्या टोपलीत! नवीन चक्राचे दाते आणि चकत्या जुळवून, सगळं आवळून मी कपाळ पुसलं, तर ओट्यावर एक चकती शिल्लक.

"ही कुठली?" वैशाली.

"जास्तीची दिली असेल."

"वर कोथिंबीर टाकायला तो भाजीवाला आहे का? उघड परत!"

परत उघडलं, परत आवळलं. मग पुलावर चाचणी घेतली. पण पूल एवढासा, की सर्वात हलका गिअर पडेपर्यंत उतार लागायचा. त्यामुळे त्या गिअरमध्ये नक्की काय होतं हे न बघताच मी सहकुटुंब लिंबुर्गला पोचलो.

टेकडीच्या पायथ्याशी वैशालीने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. फोनमधून खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. अण्णांनी फोन सोसायटीच्या हॉलमधल्या टीव्हीला जोडला होता! पहिल्या रांगेत सासूबाई, मागे अख्खी सोसायटी, बाजूला चहाचा थर्मास. मी शर्यतवाल्यांसारखे, पेडलमध्ये अडकून बसणारे बूट घातले होते; ते खटकन अडकवले आणि निघालो.

चढ लागला. मी तो गिअर टाकला. आणि काय सांगू! पायांना काही लागेचना! पाय शिवणयंत्रासारखे फिरायला लागले. दम नाही, कळ नाही! मी आनंदाने शेजारच्या कुंपणाच्या खांबाकडे पाहिलं.

तो मघाशीही शेजारीच होता.

वैशाली फोन धरून माझ्याबरोबर चालत होती. अधूनमधून थांबत होती, मी गाठावं म्हणून. फोनमधून सांगलीत गलका उठला.

"अडकलं! नेटवर्क अडकलं!"

"अहो, पाय हलताहेत की!"

"मग मागचं झाड का हलंना?"

अण्णांचा मैदानी आवाज आला, "वैशाली, सायकल स्टँडवर लावलीय का?"

"नाही हो अण्णा, तो चढतोय!"

"कुठं?"

तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा मला मागे टाकून गेले. जाताना "सुक्सेस!" म्हणाले, म्हणजे डचमध्ये 'शुभेच्छा!' कुत्र्याने वळून पाहिलं, तेही दयेने.

"अरे, गिअर बदल!" वैशाली ओरडली.

"बदलला तर जोर लागेल! जोर लागला तर पाय टेकावा लागेल!"

एवढ्या सावकाश सायकल तोलता येत नाही, हे मात्र व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. हँडल डावीकडे डुललं, उजवीकडे डुललं. पाय सोडवायला टाच बाहेर वळवायची असते. मी ती वळवली नाही. शब्द दिला होता! मी, सायकल आणि पोळपाट, तिघं अगदी निवांतपणे कलंडलो आणि उतारावरच्या गवतातून गडगडत खालच्या चरात गेलो.

"आलं! आलं नेटवर्क!" सांगलीत टाळ्या पडल्या. "हलले जावई!"

वैशाली धावत आली. "लागलं का रे?"

"अण्णांना सांग!" मी चरातून ओरडलो. "पाय टेकला नाही!"

अण्णांनी घसा साफ केला.

"पाय टेकला नाही, मान्य. पण जावईबापू, आमच्या सांगलीच्या आखाड्यात कुस्तीचा निकाल पाठ टेकली की लागतो."

माझी पाठ, दोन्ही खांदे आणि डोकं चिखलात रुतलेलं होतं. पाय तेवढे दिलेल्या शब्दाला जागून, सायकलीसकट, हवेत होते!