बायकू मोजली का?

मी कॅनडाला निघालो तेव्हा नगरच्या एसटी स्टँडवर माझ्या बायकोचा निरोप घेतला. चांगला भरल्या डोळ्यांनी, खिडकीतून हात हलवून. त्यात चूक एवढीच होती, की तीही माझ्याबरोबर कॅनडाला येणार होती.

हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या, मग सांगतो. साल बाहत्तर. आमच्या पारनेर तालुक्यात त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. मी राहुरीकडं एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होतो, तिथल्याच एका मास्तरांची शालिनी माझ्याशी लग्न करून नुकती आमच्या घरी आली होती, आणि तेवढ्यात कॅनडाचे कागद आले. गावातलं कुणी तोवर पुण्याच्या पुढं गेलेलं नव्हतं. निम्मं गाव पोचवायला स्टँडवर आलं. माझे वडील, आबा, एवढंच म्हणाले, "तिकडं पानी गोठून रस्त्यावर पडतं म्हनं. जमलं तर थोडं धाड इकडं."

मुंबईच्या गाडीला ही गर्दी! मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, मग आत घुसून त्या रुमालावर बसलो आणि पासपोर्टांची पिशवी पोटाशी घट्ट धरली. शालिनी खाली उभी. आत्या, मावश्या, चुलत्या तिची ओटी भरत होत्या, आणि आमच्याकडं ओटी भरायला घेतली की एसटीच्या टाइमटेबलाला कुणी विचारत नाही. कंडक्टरनं डबल बेल दिली. गाडी हलली. खालून आबा ओरडायला लागले, "दत्तू! आरं दत्तू!" मला भरून आलं. आबांनी जन्मात इतक्या जीव तोडून मला हाक मारली नव्हती. मी आणखी जोरात हात हलवला. शालिनीकडं बघून जरा वेगळा, हळवा असा हलवला.

ती पळायला लागली. एका हातानं पदरातला नारळ सावरत, दुसरा हात वर करून, "अहो! अहो, थांबा!" नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. गाडीत पन्नास-साठ पुरुष, सगळे कुणाचे ना कुणाचे 'अहो'. सगळ्यांनी वळून पाहिलं. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "पावनं, ती बाई कुनाला वरडतीया?"

"गाडी चुकली असेल बिचारीची," मी म्हणालो.

"चुकली न्हाई. ती बगा, तुमच्याकडंच बोट करतीया."

नशीब, फाटकात एक बैलगाडी आडवी आली आणि एसटी थांबली. आबा धापा टाकत खिडकीशी आले. "गाढवा! ट्रंका मोजल्या, पिशव्या मोजल्या. बायकू मोजली का?"

शालिनी शेजारी येऊन बसली. सुपं गेलं, शिरूर आलं, तोवर एक अक्षर नाही. शिरूरला म्हणाली, "पाणी द्या." तेव्हा मला समजलं, संसार टिकला.

त्यानंतरचा प्रवास म्हणजे नुसती जत्रा. विमानात ढग खिडकीच्या खाली दिसले तेव्हा ती माझं मनगट आवळून म्हणाली, "अहो, आपल्याकडं येत नाहीत ते सगळे इथं बसलेत!" टोरंटोच्या विमानतळावर चालता जिना होता. ती आधी दचकली, मग चढली, मग उतरून पुन्हा चढली. मी ट्रंकांवर बसून राहिलो. या वेळी मात्र सगळं मोजत होतो.

हॅमिल्टन नावाच्या गावात माझी नोकरी. कंपनीनं हॉटेलात खोली दिली होती, ती राहायची सोय होईपर्यंत, फार तर दोन आठवडे, आणि ती मुदत संपत आली होती. दोन घरांच्या मालकांनी आमची तोंडं पाहून "खोली गेली" असं सांगितलं, खिडकीत 'खोली भाड्यानं देणे'ची पाटी तशीच ठेवून. शेवटच्या दिवशी आम्ही ट्रंका घेऊनच हॉटेलातून निघालो. फोरमननं एका विधवा बाईंचा पत्ता दिला होता. तिथं जमलं नाही, तर संध्याकाळी कुठं टेकायचं ते मला माहीत नव्हतं, आणि हे मी शालिनीला सांगितलेलं नव्हतं. तिला ते माझ्या चालण्यावरूनच कळलं होतं, हे मला नंतर कळलं.

मिसेस मॅक्रे दारात आल्या. उंच, करारी, कमरेला एप्रन. आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या बोटात अंगठी नाही, शालिनीच्या बोटात नाही. मी मंगळसूत्राकडं बोट केलं, तर म्हणाल्या, "मणी छान आहेत." मग शालिनीकडं वळून त्यांनी हळू, स्पष्ट इंग्रजीत विचारलं, "पोरी, याचं नाव काय?"

मास्तरांची मुलगी, मॅट्रिक पास. तिला प्रश्न पूर्ण समजला. समजला म्हणूनच तिनं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं पायरीवरचा बर्फ उकरायला लागली.

"हिला याचं नाव माहीत नाही," मिसेस मॅक्रे म्हणाल्या, आणि त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

मी घाईघाईनं मदतीला धावलो. माझी मदत म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. "मॅडम, शी नोज. बट शी कॅनॉट से."

"का नाही सांगू शकत?"

"बिकॉज शी इज माय वाइफ!"

आजही ते वाक्य आठवलं की मला घाम फुटतो. मिसेस मॅक्रेंनी दार अर्धं लावलं. "माझ्या घरात," त्या म्हणाल्या, "बायकोला नवऱ्याचं नाव माहीत असावं लागतं."

आता शालिनीच्या बाजूनं बघा. समोर उंबरठा. दारात आडवा हात घालून उभी असलेली बाई. आणि ती विचारते, नवऱ्याचं नाव सांग, त्याशिवाय आत घेणार नाही. हे सगळं तिनं सहा महिन्यांपूर्वी आमच्या गावात पाहिलेलं होतं. तिथं दार अडवून माझी थोरली बहीण उभी होती, इथं मिसेस मॅक्रे. अशा वेळी काय करतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही नव्या नवरीला ठाऊक असतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यावर माझा जुना मफलर होता, तोही नीट केला. आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"नगरहून निघाले, ढगांवरून उडाले,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, बाई, दार उघडा, कुडकुडाले!"

रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला. मिसेस मॅक्रेंना शब्द एक कळला नाही, पण यमक कळलं, आणि शालिनीचे लालबुंद कान दिसले. हे काय होतं, त्यांनी मला विचारलं. मी माझ्या वर्कशॉपच्या इंग्रजीत अर्थ सांगितला. नाव एरवी घेत नाहीत, घ्यायचं तर असं, सणासुदीला, दारात. 'कुडकुडाले'ला शब्द सुचेना, तेव्हा कुडकुडून दाखवलं.

त्यांनी दार सताड उघडलं. जिना चढताना म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचं नाव आर्थर. दिवसातून पन्नास वेळा घ्यायचे. बहुतेक वेळा ओरडून." मग वरच्या खोलीचं कुलूप काढत जरा थांबल्या. "तुमची पद्धत बरी दिसते. नाव जपून वापरता."

खोली केवढी म्हणता! गरम पाणी नळाला. नळ सोडला की येतं, आणि कितीही वेळ येतच राहतं. आम्ही दोघं त्या नळापुढं जत्रेतल्या पोरांसारखे उभे राहिलो. शालिनीनं तो तीनदा सोडला, तीनदा बंद केला आणि मग गावातल्या बायकांच्या आठवणीनं चौथ्यांदा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरून पातेलंभर बर्फ आणून शेगडीवर ठेवला. वितळल्यावर फुलपात्रभर पाणी निघालं. आबांना कळवलं, धाडण्यात काही अर्थ नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी मी तिला विचारलं होतं, "एवढा फक्कड उखाणा! मग नगरच्या स्टँडवर का नाही घेतलंस नाव? पळावं तरी लागलं नसतं."

"तिथं गाडी चुकली असती तर मी आपली घरी गेले असते," ती म्हणाली. "इथं दार लागलं असतं तर कुठं जाणार होतो?"

याला आता वीसेक वर्षं झाली. आमचं स्वतःचं घर झालं, बेसमेंट, फर्नेस, बर्फ ओढायचं फावडं, सगळं. शालिनी शाळेच्या लायब्ररीत कामाला लागली आणि माझ्यापेक्षा बरं इंग्रजी बोलते. कारखान्यात मला 'डॅन' म्हणतात. मिसेस मॅक्रे होत्या तोवर दर ख्रिसमसला शेजारणींना जमवून शालिनीला नाव घ्यायला लावायच्या. माझं पूर्ण नाव वर्षातून तेवढं एकदा कानावर पडायचं. एरवी मी 'अहो'.

गावी येणं दोन-चार वर्षांनी व्हायचं, आणि परत निघताना नगरच्या स्टँडवर आबा खिडकीशी येऊन आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं विचारायचे, "दत्तू, बायकू मोजली का?" गाडी हसायची. मीही हसायचो. त्या प्रश्नाशिवाय गाव सुटल्यासारखं वाटायचंच नाही.

तुम्ही गावाकडचे लोक पत्रातून विचारता, आता घर कोणतं म्हणायचं, हे का ते? मला कधी धड सांगता आलं नाही. यंदा आबांच्या वर्षश्राद्धाला आलो होतो. परत निघताना त्याच स्टँडवर मी आधी गाडीत चढलो, जागा धरली आणि खिडकीतून सगळ्यांना हात केला. पुतणे होते, भावजया होत्या. खिडकीपाशी आबांची जागा तेवढी मोकळी होती. कुणी काही विचारलं नाही. मी उगाच पिशव्या वर-खाली करत राहिलो.

तेवढ्यात खालून हाक आली. "दत्तात्रयराव!"

भर स्टँडवर. यमक नाही, पदर नाही, लाजणं नाही. मी दचकून बाहेर पाहिलं. केस पिकायला लागलेली माझी बायको ओटीतला नारळ सावरत खिडकीपाशी, बरोबर आबांच्या जागेवर उभी होती.

"बायको मोजली का?" तिनं विचारलं. गाडी हसली. मला काही ते जमेना. मग वर येऊन ती शेजारी बसली, माझा रुमाल माझ्याच हातात दिला आणि हळूच म्हणाली, "आबा नाहीत. मग विचारायला कुणी तरी पाहिजे ना."