मावशीचं नाक

“बाय, काय तरी जलतंय तुझ्या घरात.”

पाटी डोक्यावरून उतरवायच्या आधीच मावशी हे म्हणायची. करंज्याहून पनवेलला आमच्या सोसायटीत ती मासळी आणायची. पहिल्यांदा मी धावत जाऊन गॅस पाहिला. बंद होता. दुसऱ्यांदाही तसंच. पुढे ती जिन्यात थबकायला लागली, भर रस्त्यात मागे वळून पाहायला लागली.

“मना कुठं बी येतो हा वास. माझ्या मागं मागं येतो.”

ऐकून अंगावर काटा यायचा.

तिखट नाकाची माणसं तुम्हीही पाहिली असतील, मावशी त्यातलीच. माशाचा कल्ला उचलून हुंगायची आणि कालची मासळी आपणहून बाजूला काढायची. तिच्याकडची मासळी तपासून घ्यायची आम्हाला कधी गरजच पडली नाही.

एका सकाळी तिने बांगडा हुंगला. “ताजा हाय, घे.” मला मात्र दारातच मळमळलं.

“मावशी, हा नासलाय.”

तिने पुन्हा हुंगला. मग दुसरा, तिसरा. चेहरा पांढरा पडत गेला. “मना तर जलकाच वास येतो,” ती म्हणाली.

तिचे गाल आणि कपाळ कित्येक महिने ठणकत होते, नाक चोंदलेलं होतं. सर्दी म्हणून तिने अंगावर काढलं होतं. मी तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं. सायनसला जुनी सूज होती. “खरा वास वरपर्यंत पोचत नाही, आणि नसलेला वास येत राहतो,” ते म्हणाले.

औषधं झाली, ऑपरेशन झालं. ठणका गेला, जळका वासही गेला. खरा वास परतला नाही. मावशीने धंदा सोडला. “हुंगल्याबिगर लोकान्ला खायला कशी देऊ?”

मागच्या महिन्यात करंज्याला गेले. दारात सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाने मी पदर नाकाला लावला. मावशी ओटीवर बसली होती, मांडीवर नुकतंच न्हाऊमाखू घातलेलं नातवंड.

“डोले मिटले ना बाय,” ती हळूच म्हणाली, “का मांडीला वजन लागतं. वासाबिगर पोर नाय लागत.”

बोलताना तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. निघाल्यावर वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हाही ती तशीच वाकून, डोळे ताणून, त्या झोपलेल्या पोराकडे बघत होती.