सेतूच्या गाडीला क्लच बसवण्याचा बेत

सैनिकाचं मरण कधी वाया जात नाही. हे वाक्य मी वेगवेगळ्या छावण्यांत संगमरवरावर, पितळेवर आणि एकदा सिमेंटवर कोरलेलं वाचलं आहे. नोकरीच्या सुरुवातीला ते वाचताना मी नकळत ताठ उभा राहत असे. पुढे कळलं, की कोरणारा अक्षरांवर मजुरी घेतो. माणूस नेमका कसा गेला हे लिहायचं तर दगड पुरत नाही.

मी सैन्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शेवटचं डोंगरातलं पोस्टिंग रिकव्हरी सेक्शनवर होतं. रिकव्हरी म्हणजे दरीत गेलेली किंवा चिखलात रुतलेली गाडी ओढून वर आणणं. ऐकणाऱ्यांना त्यात शौर्य दिसतं. प्रत्यक्षात त्यात वायर रोप असतो, ग्रीस असतं आणि भरपूर वाट पाहणं असतं. सकाळी पी.टी., मग गाड्यांचं तेल, पाणी, हवा, बॅटरी. त्यानंतर वायरलेस सेटकडे कान लावून बसायचं.

तिथल्या युनिटमध्ये नायक सेतुमाधव राव हा ड्रायव्हर होता. चेन्नईतल्या मैलापूरचा, पण घरी मराठी बोलणारा. त्याचे पूर्वज तंजावरला जाऊन राहिलेले. त्याचं मराठी ऐकलं की आमची पोरं हसत. माझा विंच ऑपरेटर हवालदार पवार त्याला म्हणायचा, "काय रे, पेशव्यांचं पत्र घेऊन आलास काय?" सेतू शांतपणे म्हणायचा, "आमीं आहें तैसे राहिलों. तुमीं बिघडलां."

सेतू गाडी चांगली चालवायचा. चांगली म्हणजे, तो शेजारी बसवून नेत असला की झोप लागायची. डोंगरात ड्रायव्हरची याहून मोठी तारीफ नाही.

एका पावसाळ्यात, सुट्टीवरून परतल्यावर आठवड्याच्या आत, तो ट्रकसह खाली गेला. कळवणाऱ्या पत्रात लिहिलं होतं, की प्रतिकूल परिस्थितीत अत्यावश्यक सामग्री पोहोचवताना त्याला वीरमरण आलं.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे चेन्नईला आलो. शहराबाहेरच्या एका मोटार कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. काही महिन्यांनी गेटवर पवार दिसला. तोही तिथेच लागला होता. त्याची सलाम ठोकायची सवय अजून गेलेली नाही. कारखान्याचे मॅनेजर आता मागच्या गेटने येतात.

पवार म्हणाला, "साहेब, सेतूचे वडील इथेच आहेत. जायला पाहिजे."

एका रविवारी सकाळी आम्ही गेलो. वेंकटराव हे निवृत्त गणित शिक्षक. पत्नी आधीच गेलेली, सेतू एकुलता एक. मैलापूरच्या देवळाच्या तळ्यामागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आम्ही वाटेत दोन वाक्यं तयार केली होती: तो शूर होता, आणि तो आम्हाला भावासारखा होता. दोन्ही चपला काढेपर्यंत संपली. वेंकटरावांनी काफी दिली. तीही संपली.

शेवटी तेच म्हणाले, "खालीं गाडी आहे. सेतूची. पाहतां?"

खाली एक डिझेलची मोठी गाडी उभी होती. ऑटोमॅटिक. सेतूने शेवटच्या सुट्टीत वडिलांसाठी घेतलेली. मागे एकदा गल्लीत कंबरभर पाणी साचलं तेव्हा ते गिअरबॉक्समध्ये शिरलं. इंजिन चालू व्हायचं, पण गाडी हलायची नाही. मला अजून आठवतं, बॉनेट उघडल्यावर आम्हा दोघांना किती हायसं वाटलं.

वेंकटराव म्हणाले, "ह्याला क्लचवाला गिअरबॉक्स बसेल का?"

"बसेल," मी म्हणालो. "पण ऑटोमॅटिकच दुरुस्त करून घ्या. सोपं पडेल."

"नको. क्लचवालाच पाहिजे." मग म्हणाले, "सुभेदारसाहेब, ऑटोमॅटिकची सवय जाहली आणि मग माणूस क्लचच्या गाडीवर बसला, तर पाय चुकतो का?"

"चुकतो तर," मी म्हणालो. "डावा पाय आळसावतो. पहिला आठवडा जपून चालवावी लागते."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, ते स्वतःसाठी विचारत आहेत. चांगलं उत्तर दिलं म्हणून मी खूशही झालो.

त्यानंतर दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. सैन्यात कोणत्याही अडचणीचं आधी अप्रिसिएशन, म्हणजे पद्धतशीर आढावा, करतात: उद्देश, परिस्थिती, मार्ग, निर्णय. पवारने कार्डबोर्डवर स्केचपेनने आराखडा काढला आणि वर 'ऑपरेशन क्लच' लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

कामाचं सांगायचं तर असं. नुसता गिअरबॉक्स आणून भागत नाही. ऑटोमॅटिकला फ्लायव्हील नसतं, पातळ प्लेट असते. म्हणजे फ्लायव्हील आलं. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. तीन पेडलांचा सेट, क्लचचा मास्टर सिलिंडर, खालचा सिलिंडर, मधली नळी. मॅन्युअल बॉक्सची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट बदलायचा आणि बॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा बीमही. वायरिंगचं आणखी वेगळं: लिव्हर पार्कमध्ये आहे असं कळल्याशिवाय गाडी स्टार्टच घेत नाही, तेव्हा तिची ती फसवणूक कायमची करून ठेवायची. वर आर.टी.ओ.ची परवानगी. माझा सल्ला एकच होता: ज्या भंगार गाडीचा बॉक्स घ्यायचा, तिचंच सगळं घ्या, नटबोल्टसकट. सुटं जमवायला गेलात तर दुप्पट खर्च आणि शेवटी एक ब्रॅकेट कमी.

आम्ही पुदुपेटच्या भंगार बाजारात गेलो. दुकानदाराने एका गिअरबॉक्सवर हात फिरवला आणि म्हणाला, "सार, सिंगल ओनर. डॉक्टर वंडी."

"डॉक्टरची गाडी म्हणतोय," मी पवारला सांगितलं.

पवार म्हणाला, "साहेब, ह्या बाजारात मेलेल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच कशा?"

बेअरिंग आणि नळ्यांसाठी जॉर्ज टाउन पालथं घातलं. एका रविवारी बीम, दुसऱ्या रविवारी वायरिंग. वेंकटराव सगळं ऐकत, काफी देत, आणि मधूनच आपला प्रश्न फिरवून विचारत. पाय विसरतो तो किती दिवसांत? घाटांत जास्त चुकतो का? मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. घाटात जास्त चुकतो, असंही सांगितलं. सेतूचं नाव त्या काळात आम्ही फक्त गाडीच्या संदर्भात घेतलं. 'सेतूची गाडी' म्हणताना माणसाला सेतू म्हणावा लागत नाही.

मग पेडलचं माप घ्यायचा रविवार आला. पवारने वेंकटरावांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, "सर, डावा पाय वर घ्या. गुडघ्यातून दुमडा."

पाय वर आला. दुमडला नाही.

"आणखी."

"एवढाच," वेंकटराव म्हणाले. "गुडघा पंधरा वर्षांपासून असाच आहे."

पवारने माझ्याकडे पाहिलं. आम्ही फ्लायव्हीलचे दात मोजले होते. ज्याच्यासाठी क्लच बसवत होतो त्याचा पाय पाहिला नव्हता.

"सर, मग क्लच कोण दाबणार?" पवारने विचारलं.

"कोणी नाही." ते स्टिअरिंगला धरून बसून होते. "मला चालवायची नाहीं. पण ही बिनक्लचची गाडी माझ्या दारांत नको."

मी विचारलं, "का?"

"सेतूला क्लचवालीच घ्यायची होती. तो म्हणे, ऑटोमॅटिक साहेबांच्या बायकांसाठी. मीच हट्ट केला, माझा गुडघा, मला इथल्या कोवलमला समुद्रावर जायचें. सुट्टीभर त्यानें हीच चालवली. रोज. डावा पाय असा बाजूला ठेवून. परत क्लचच्या ट्रकवर गेला आणि आठवडा जाहला नाहीं." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमीं पहिल्याच दिवशीं सांगितलें. डावा पाय आळसावतो. पहिला आठवडा जपायला हवा. नंतर म्हणालां, घाटांत जास्त."

दाराच्या खाली केलेल्या काचेची कड मी उगाच हाताने दाबून पाहिली.

आता त्या दिवसाबद्दल. सकाळपासून पाऊस होता. दुपारी एकच्या सुमारास सेटवर आवाज आला: "वन व्हेईकल डाऊन. लोडेड. सेंड रिकव्हरी. ओव्हर."

मी विचारलं, "ड्रायव्हर? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "सेंड रिकव्हरी. आउट."

आम्ही चाळीस मिनिटांत पोहोचलो. सेतूला आमच्या आधीच वर आणलं होतं. त्याच्यावर ग्राउंडशीट पांघरली होती. बाकी राहिला ट्रक. मी आणि पवार दोर बांधून उतरलो. गाडी ओढण्याआधी एक गोष्ट करावीच लागते: ती न्यूट्रलला आणायची, नाहीतर चाकं फिरत नाहीत. मी चेपलेल्या केबिनमध्ये हात घातला. लिव्हर सेकंडमध्ये होता. सेतूने टाकलेला शेवटचा गिअर मी काढला. मग पवारला हात दाखवला आणि त्याने वर विंचवर बसवलेल्या पोराला सुरू करायची खूण केली.

हे मी त्या गाडीत बसलेल्या म्हाताऱ्याला सांगितलं. इतक्याच शब्दांत.

"सेकंड," ते म्हणाले. "चढणीला?"

"चढणीला."

"बरोबर गिअर?"

"मीही तोच टाकला असता."

"पाय चुकला असता तर?"

"तर लिव्हर न्यूट्रलला सापडला असता आणि गाडी मागे घरंगळली असती. ती मागे गेली नव्हती. रस्त्यावर टायरचे ठसे पाहिले मी. पुढेच चालली होती. डाव्या मागच्या चाकाखालची कडा खचली. तिथे कोणीही असता तरी गेला असता."

"मीही पाहिलं, सर," पवार म्हणाला. "सेतूची काही चूक नव्हती. आमच्या डोळ्यांनी पाहिलं."

वेंकटरावांनी विचारलं, "हें तुम्हांला तेव्हांपासून ठाऊक होतें?"

"हो."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या माणसाने, मागच्या बाकावरच्या पोराने उत्तर माहीत असून हात वर केला नाही हे पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग म्हणाले, "पत्रांत होतें, अत्यावश्यक सामग्री. ती काय होती?"

पवार ताठ झाला. "सर, देशाच्या संरक्षणासाठी..."

"पवार," मी म्हणालो. तो थांबला. "सर, गेरू आणि चुना होता."

"कशाला?"

"वरून एक मोठे साहेब पाहणीला येणार होते. हेलिपॅडपासून ऑफिसपर्यंत रस्त्याकडेला दगड मांडले होते. ते रंगवायला."

"दगड."

"एक लाल, एक पांढरा. असे आलटून पालटून."

ते सीटवरून सावकाश उतरले, पाय धरून. जिना चढून वर गेले. आम्ही मागोमाग गेलो. स्वयंपाकघरात पातेलं ठेवल्याचा आवाज आला. पवार हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, ते चुन्याचं नसतं सांगितलं तर?"

तोवर पुष्कळ न बोलणं झालं होतं.

वेंकटराव तीन टंबलर घेऊन बाहेर आले. खाली बसले. "सरी," ते म्हणाले, म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. "गिअरबॉक्स पुरे जाहला. आतां त्याच्याबद्दल सांगा."

आम्ही जेवायच्या वेळेपर्यंत सांगत राहिलो. शौर्याचं असं काही आठवेना. सेतू रस्समच्या मसाल्याचा डबा टूलबॉक्समध्ये ठेवायचा आणि कोणताही पाना काढला तरी त्याला मिरीचा वास यायचा. शेजारी बसणारा झोपला की तो त्याच्याशी तमिळमध्ये बोलायचा. पवारने पेशव्यांच्या पत्राची थट्टा सांगितली आणि सेतूचं उत्तरही. वेंकटराव हसले. म्हणाले, "हें तो माझ्याकडूनच शिकला." मग उपरण्याने चष्मा पुसला आणि पुढे सांगायला सांगितलं.

गाडीला क्लच बसला नाही. वेंकटरावांनी ऑटोमॅटिक बॉक्स उघडून साफ करून घेतला, त्यात काही प्लेटा बदलल्या, आणि ती चालू झाली. मी पहिल्या दिवशी सुचवलं होतं तेच. पवारचा कार्डबोर्ड मागच्या सीटखाली आहे. कोवलमहून परतताना पायाची वाळू झटकायला उपयोगी पडतो. तिथे कधी ते स्वतः चालवत जातात, कधी मी. मी चालवतो तेव्हा माझा डावा पाय कुठे ठेवावा ते मला कळत नाही.

नायक सेतुमाधव राव, ड्रायव्हर. त्याचं नाव युनिटच्या स्मारकावर आहे, मी सुरुवातीला लिहिलेल्या वाक्याच्या खाली. ते नाव कोरलं गेलं तेव्हा मी हजर होतो आणि ताठ उभा होतो.

मोठ्या साहेबांचा दौरा खराब हवामानामुळे रद्द झाला. चुना दुसऱ्या ट्रकने आला, आणि आम्ही दगड रंगवले.