मागाली आणि काम संपल्याचा वास

आमच्या वृद्धाश्रमात सकाळी लिंबाचा वास आला की मागाली कामावर आली असं समजायचं. आंघोळीला कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टॉवेलवर ती लिंबाच्या सालीच्या तेलाचा थेंब टाकते. औषधांनी मळमळणाऱ्यांना रुमालावर पुदिना देते. पत्त्यांचा डाव बसायच्या आधी रोझमेरी, डोकं तरतरीत व्हायला. डावातली फसवाफसवी त्यानं कमी झालेली नाही, उलट जरा सुधारली आहे. पण कुणाच्याही नाकाशी काही नेण्याआधी ती विचारते. ज्याला नको, त्याला नाही.

मी तिथली यंत्रं सांभाळतो. हवा खेळवणारे पंखे आणि नळ्या माझ्याकडे, त्यांतून काय वाहायचं ते तिच्याकडे. त्यामुळे आमची भांडणं रोजची, आणि तिच्याबद्दल मी जे सांगतो आहे ते जवळून पाहिलेलं आहे.

तिचे वडील गवंडी, आई शाळेत स्वयंपाक करायची. मागाली बरीच वर्षं गावातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. चाळिशी उलटल्यावर ती लियों शहरात जाऊन सुगंधोपचार शिकून आली, तेव्हा आमचं अख्खं पठार हसलं. इथं उन्हाळ्यात डोंगरउतार जांभळे होतात आणि घरोघरी लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली असते. वास घ्यायला शिकायला लियोंला कशाला जायचं, नाक तिकडे विसरली होती का, असं तिला बाजारात तोंडावर विचारलं गेलं. ती म्हणाली, नाक इथंच होतं, ते वापरायचं कसं ते तिकडे कळलं.

मग क्लोविस आला. जन्मभर भट्टी लावून लॅव्हेंडरचं तेल काढणारा माणूस. आता त्याला वार कळत नव्हता, बायको नोएली मात्र कळत होती. सकाळभर तो शांत असायचा. ऊन कललं की उठायचा, बाहेरच्या दाराला धडका द्यायचा, अडवणाऱ्याचा हात पिरगाळायचा. आश्रमाच्या डॉक्टरीणबाईंनी नोएलीला नीट समजावून सांगितलं: महिनाभर बघू, नाहीतर त्याला खाली शहरातल्या बंद दारांच्या केंद्रात हलवावं लागेल. नोएली गाडी चालवत नाही. क्लोविसला शहरात हलवलं म्हणजे तिच्यासाठी तो कायमचा गेल्यासारखाच होता.

मागालीनं संध्याकाळच्या आधी दालनात लॅव्हेंडर सोडायला सुरुवात केली. बाकीचे सगळे पेंगायला लागले. क्लोविस आणखी बिथरला.

यावर आमच्या लोकांनी जो निष्कर्ष काढला तो आमच्याच लोकांना सुचू शकतो: तेल चुकीचं आहे. खाली सपाटीवर लॅव्हेंडरची जी संकरित जात पिकते तिच्यात कापराचा अंश जास्त, ती साबणाला ठीक, तिनं माणूस झोपणार कसा? जेवण वाढणारी बाई म्हणाली, धोब्याचं तेल हुंगवताय त्याला, बिचारा चिडणार नाही तर काय. मागालीला ते पटलं. तिनं ओळखीतून उंचावरच्या खऱ्या लॅव्हेंडरचं तेल मिळवलं. बाटली उघडल्यावर मलासुद्धा डोळे मिटावेसे वाटले. त्या संध्याकाळी क्लोविसनं दाराची कडी उपटली.

दोन माणसं त्याला धरायला धावली. मागालीनं त्यांना थांबवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"कुठं निघालात, क्लोविसदादा?"

"कुठं म्हणजे? वास येत नाही का तुला? वाफ धरलीये, भट्टीवर कोणी नाही, आणि तुम्ही सगळे खुर्च्या उबवताय!"

मागाली माझ्याकडे वळली. मला म्हणाली, पंखे पूर्ण वेगानं लाव आणि सगळा वास बाहेर काढ. तेल उत्तम होतं. इतकं उत्तम की त्याला थेट भट्टीवर घेऊन गेलं होतं. जगाला जो वास झोप आणतो, तो या माणसाला आयुष्यभर उठवत आला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दालनातलं लॅव्हेंडर बंद केलं. नातेवाइकांनी गलका केला; लॅव्हेंडरच्या पठारावर लॅव्हेंडर बंद म्हणजे कमाल झाली. ज्यांना हवं त्यांना उशाशी रुमालावर मिळेल, असं सांगून ती नोएलीच्या घरी गेली. मीही गेलो. भट्टी विझल्यावर घरात कसला वास असायचा, एवढंच तिनं विचारलं.

नोएली आधी हसली. म्हणाली, लॅव्हेंडरचाच, दुसरा कसला. मग म्हणाली, लसणाच्या पाण्याचा. पाण्यात लसूण आणि सेज नावाच्या सुवासिक झुडपाची पानं उकळायची, शिळ्या पावावर ओतायचं, वरून ऑलिव्हचं तेल. ते समोर आल्याशिवाय दिवस संपला असं तो मानायचाच नाही.

आमच्याकडे जेवण बाहेरून झाकलेल्या डब्यांत येतं. फोडणी नाही, उकळी नाही; घरभर कधी संध्याकाळ झाल्याचा वासच नसायचा. मागालीला जेवणघरात शेगडी हवी होती. मी म्हटलं, धुराची घंटा वाजेल. ती म्हणाली, मग तू शिकलास कशासाठी? मी शेगडी विजेची आणली, आश्रमाच्या साहेबांची परवानगी काढली, आणि जेवणघरातली हवा बाहेर फेकणारा पंखा त्या वेळेपुरता थांबवला. जेवणघराचं दालनाकडचं दार उघडंच ठेवलं.

ऊन कललं. क्लोविस बाहेरच्या दाराशी गेला. पातेलं उकळायला लागलं आणि लसूण दालनात शिरला. त्याचा हात कडीवर थांबला. तो बराच वेळ हुंगत राहिला.

"विझवली?" त्यानं विचारलं.

"विझवली," मागाली म्हणाली.

तो वळला, हात धुऊन आला आणि टेबलाशी बसला. मागाली पातेलं ढवळत राहिली. ती लियोंहून परतली तेव्हाही तिची मान एवढी ताठ मी पाहिली नव्हती.

त्यानंतर रोज तसंच. महिना संपताना डॉक्टरीणबाई मुद्दाम त्याच वेळेला आल्या आणि भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. क्लोविसनं त्यांना पाहिलं.

"उभ्या काय राहिलात? जा, हात धुऊन या."

त्या खरोखर गेल्या. येऊन त्याच्यासमोर बसल्या, वाटी संपवली, आणि नोएलीला म्हणाल्या की यांना कुठंही हलवायची गरज नाही.

नोएलीनं डोळे पुसले. मग नवऱ्याच्या वाटीत चमचा बुडवून चव घेतली.

"लसूण कमी आहे," ती म्हणाली.

"मग उद्यापासून तुम्हीच करा," मागाली म्हणाली.

आता नोएली रोज दुपारी चालत येते, शेगडी लावते, आणि लसूण सोलायला क्लोविसला शेजारी बसवते.