अनुजाचं माप

शाहिस्ताचा हात कापडावर जितका हळू, तितकी तिची जीभ मोकाट. माहेर कबनूरचं. बाप यंत्रमागावर कामाला, घराच्या दोन्ही बाजूंना दिवसभर मागांचा खडखडाट. त्यात वाढलेलं माणूस हळू बोलायला कुठलं शिकणार? लग्न होऊन कोल्हापुरात आली, काही वर्षांनी राजारामपुरीतल्या एका इमारतीत जिन्याखालची चिंचोळी जागा भाड्यानं घेतली आणि ब्लाऊज शिवायला बसली, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. तळमजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, वरच्या मजल्यावर बारावीचे क्लास, आणि जिन्याखाली शाहिस्ताची मशीन. बायका तिला भाभी म्हणत. भाभीचं बोलणं ऐकून घ्यायचं, पण ब्लाऊज भाभीकडूनच शिवायचा, हे गल्लीत ठरूनच गेलं होतं.

वरच्या क्लासमध्ये अनुजा गणित शिकवायची. वर्षाराणीची थोरली लेक. शाळेच्या युनिफॉर्मपासून तिचे सगळे कपडे शाहिस्तानंच शिवलेले. तिचं जयसिंगपूरच्या राजवर्धनशी लग्न ठरलं तेव्हा वर्षाराणी शालू घेऊन आधी शाहिस्ताकडे आली, मग सोनाराकडे गेली. शाहिस्तानं माप घेतलं आणि कापड कातरताना इतकी जपली, की चहासुद्धा लांब ठेवला.

ट्रायलच्या दिवशी दुकानात गर्दी होती. सणाचे ब्लाऊज न्यायला आलेल्या दोघी बाकावर बसल्या होत्या. अनुजा पडद्याआड गेली आणि बराच वेळ बाहेरच येईना.

"काय गं, झोपलीस काय आत?" शाहिस्ता ओरडली.

"भाभी, हुक लागंना झालेत."

शाहिस्ता आत गेली. खरंच, पाठीवरचे हुक आणि काजं यांच्यात बोटभर अंतर राहिलं होतं. छातीवर कापड ताणून बसलेलं. माप घेताना मध्येच फोन वाजला होता, तो तिला आठवला. त्याच वेळी टेप सरकला असला तर? शालूचं कापड, दुसरा तुकडा मिळायचा नाही. आणि बाहेर दोन बायका कान टवकारून बसलेल्या. उद्या गल्लीभर होणार, भाभीचा हात गेला.

पडदा सारून ती मोठ्यानं म्हणाली, "साखरपुड्यापास्नं खातच सुटलीस काय गं पोरी? माप माझं चुकत न्हाय. वजन बघ केवढं वाढवून ठेवलंस! लग्नापर्यंत जरा तोंड आवर की."

बाकावरच्या दोघी हसल्या. एक म्हणाली, "सासरहून जयसिंगपुरी भडंगाची पोती यायलीत म्हणं!" परत हशा झाला. अनुजाही हसली. ब्लाऊज काढून तिनं घडी घातली, मशीनवर ठेवला आणि ओढणी दोन्ही खांद्यांवरून नीट पसरून घेत वर क्लासला गेली.

दुकान रिकामं झाल्यावर शाहिस्तानं ब्लाऊज टेबलावर पसरला आणि टेप लावला. पाठ, छाती, कंबर, सगळं घेतलेल्या मापाबरहुकूम. कुठंही चूक नव्हती. तिला इतकं हायसं वाटलं, की तिनं समोरच्या गाड्यावरून स्वतःसाठी स्पेशल चहा मागवला. आपण बोललो ते खरंच निघालं म्हणायचं. आधी बोलून मग मोजलं, हे तिच्या तेव्हा मनातही आलं नाही.

पुढच्या दिवसांत अनुजा तिला सारखी जिन्यावर दिसायची. दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत पोरगी जिना चढायची, उतरायची, परत चढायची. चहाला हाक मारली तर "नको भाभी" म्हणून पुढे जायची. डबा उघडताना तर दिसेचना. शाहिस्ताला उलट बरं वाटलं. शेजारच्या कटलरीवालीला ती म्हणाली, "लागलं बघ पोरीच्या मनाला. असंच पायजे."

आणि एक दिवस भर दुपारी जिन्यावर धप्प आवाज झाला. वरून पोरी किंचाळल्या, "मॅडम पडल्या!" शाहिस्ता कात्री टाकून धावली. अनुजा जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून कोसळली होती. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. शाहिस्तानं आणि दोन पोरींनी तिला उचलून खालच्या दवाखान्यात नेलं. उचलताना शाहिस्ताच्या हाताला पोरीच्या बरगड्या लागल्या. इतक्या वर्षांत त्या हाताला माणसाचं माप न बघता कळायचं. आता कळलं ते तिला नकोसं झालं.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, सलाईन लावलं. अनुजा जरा सावध झाल्यावर विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवलीस?"

अनुजानं डोळे मिटून घेतले.

"पाणी तरी पितेस का?"

"पाण्यानं पण फुगल्यासारखं वाटतंय मॅडम. म्हणून कमी केलंय."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. पाळीच्या तारखा विचारल्या, वजन कधी केलं होतं ते विचारलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. ब्लाऊजचं माप दिलं ते पाळी होऊन गेल्यावर. ट्रायलला आली ती पाळीच्या आदल्या दिवशी. त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या वजनकाट्यावर उभी राहिली तर वजन दोन किलोंनी जास्त. त्या रात्रीपासून जेवण जवळजवळ बंदच.

"अगं, ती चरबी नव्हे, पाणी होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाळी यायच्या आधी आठवडाभर अंगात पाणी धरून राहतं. छाती जड होते, पोट फुगतं, काट्यावर किलो-दोन किलो जास्त दिसतं. पाळी सुरू झाली की चार दिवसांत आपोआप उतरतं. कुणाला कमी होतं, कुणाला जास्त, पण बहुतेक बायकांना होतंच. त्यासाठी उपाशी मरायचं नसतं. त्या दिवसांत खारट कमी कर, लोणचं-पापड, फरसाण, भडंग. पाणी मात्र भरपूर प्यायचं, पाणी तोडलं तर अंग आणखी धरून ठेवतं. जरा चालायचं, झोप पुरी घ्यायची. आणि वजन करायचंच असेल तर पाळी संपल्यावर करायचं, महिन्यातून एकदा. कळलं?"

अनुजानं मान हलवली.

"तुला जाड झालीस म्हणून सांगितलं कुणी?"

शाहिस्ता उशाशी उभी होती. सलाईनची नळी धरल्यासारखा तिनं नुसताच हात वर केला होता. अनुजानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"कुणी न्हाय मॅडम. मलाच वाटलं."

तेव्हा शाहिस्तानं बोलायला पाहिजे होतं. तोंडही उघडलं तिनं. पण मोकाट म्हणून गावभर गाजलेली ती जीभ टाळ्याला चिकटून बसली. तिनं अनुजाच्या पायावरची चादर उगाचच सारखी केली.

त्या दिवशी तिनं एकही टाका घातला नाही. तिची स्वतःची पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. पण त्याआधी? महिन्यातले काही दिवस हातातली अंगठी निघायची नाही, साबण लावला तरी. सलवारीची नाडी सैल करायची. दोन-तीन दिवसांनी सगळं परत जागेवर. तीस-पस्तीस वर्षं हे तिनं स्वतःच्या अंगावर बघितलं होतं. आणि इतक्या बायकांची मापं घेऊनही, त्या कुठल्या दिवसांत आल्या आहेत हे कधी विचारायचं सुचलं नव्हतं. नाही सुचलं ते एक वेळ राहू दे. पण आपली चूक झाली असेल या भीतीनं आपण ती पोरीच्या अंगावर ढकलली, तेही चारचौघींत. ह्याला काय म्हणायचं?

संध्याकाळी तिचा नवरा मोहसीन रिक्षा लावून आला. बायको गप्प बघून त्यानं विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"आता तू काय आजच बोलायलीस का असं?" तो म्हणाला. "सगळ्यांनाच बोलतीस. कोण मनाला लावून घेतंय?"

त्यानं समजुतीनंच सांगितलं होतं, पण शाहिस्ताला ते सुईसारखं टोचलं. सगळ्यांनाच बोलते. मग आणखी किती जणी अशा हसत घरी गेल्या असतील?

दुसऱ्या दिवशी ती वर्षाराणीच्या घरी गेली. अनुजा आत झोपली होती. वर्षाराणी मुगाची खिचडी ढवळत होती. शाहिस्ता ओट्यापाशीच उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "वर्षाताई, पोरगी माझ्यामुळं पडली. जाड झालीस म्हणून मीच बोललो तिला. माप चुकलं असंल म्हणून मला भ्या वाटलं, आणि मी तिच्यावर ढकललो."

वर्षाराणी चिडेल, घालूनपाडून बोलेल, अशी तिची तयारी होती. पण वर्षाराणीनं गॅस बारीक केला आणि पदरानं डोळे पुसले.

"मला तिनं सांगितलं हुतं त्याच दिवशी. मी काय म्हटलं म्हायती हाय? म्हटलं, भाभीसारखी बाई खोटं कशाला सांगंल? कमीच खा थोडं. ताटातली चपाती मी माझ्या हातानं काढून ठेवलो, भाभी."

खिचडी खाली लागल्याचा वास आला, तेव्हा शाहिस्तानंच गॅस बंद केला.

अनुजा उठल्यावर शाहिस्ता तिच्याजवळ बसली. "चुकलो गं मी, पोरी. ब्लाऊज बरोबर हुता आणि तू पण बरोबर हुतीस. दिवस तेवढे वेगळे हुते."

"असू दे हो भाभी," अनुजा म्हणाली. आवाजात राग नव्हता. पण ती भिंतीकडे बघत म्हणाली, आणि खिचडीचे चारच घास खाऊन ताट सरकवलं.

लग्नाची तारीख मोजली, तर नेमकी पुन्हा पाळीच्या आधीच्या दिवसांत येत होती. शाहिस्तानं शालूचा ब्लाऊज पाठीकडून उसवला. शिवणीच्या आत राखलेली जादा कापडाची माया थोडी मोकळी केली आणि काजांच्या दोन रांगा केल्या, एक आत, एक बाहेर. अंग कसंही असलं तरी पोरीला श्वास घेता आला पाहिजे. त्या कामाचे पैसे वर्षाराणी द्यायला लागली, तर शाहिस्तानं तिचा हात मागे सारला.

जयसिंगपूरच्या कार्यालयात नवरीला तयार करायला शाहिस्ताच होती. बाहेरच्या रांगेत हुक अलगद बसले. "घट्ट हाय काय गं?" "न्हाय, बरोबर हाय." आरशात अनुजा देखणी दिसत होती, आणि खांदे जरा खाली आले होते, म्हणजे अवघडलेली नव्हती. शाहिस्ताला वाटलं, निभावलं. मग जेवणाच्या पंगतीत राजवर्धननं बायकोला जिलेबीचा घास भरवला. सगळे टाळ्या वाजवत होते. अनुजानं घास तोंडात घेतला, हसली, आणि लोक पांगल्यावर रुमालात काढून टाकला. शाहिस्तानं ते लांबून बघितलं. स्वतःच्या पुढ्यातलं ताटही तिनं तसंच ठेवलं.

आता दुकानात माप घेताना ती पाळीची तारीख विचारते. पडद्याआड, हळू आवाजात. हळू बोलायला तिला वयाच्या पन्नाशीनंतर शिकावं लागलं. काही जणी लाजतात, एक-दोघी भडकल्याही. "ब्लाऊज शिवायचाय की सोनोग्राफी करायचीय?" असं एकीनं सुनावलं. शाहिस्तानं ऐकून घेतलं. वजनाबद्दल मात्र ती आता कुणालाच काही बोलत नाही.

दिवाळीत वर्षाराणी स्वतःचं कापड घेऊन आली. अनुजाचं कापड नव्हतं. "ती तिकडंच शिवती आता," वर्षाराणी म्हणाली. जयसिंगपूर काही फार लांब नाही. शाहिस्तानं कारण विचारलं नाही.

"जेवती काय नीट?"

"जेवती की. पण वजनकाटा आणलाय घरात. रोज सकाळी चढून बघती."

शाहिस्ताचा टेप हातातच राहिला. वर्षाराणी गेल्यावर तिनं अनुजाला फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग अनुजाचा आवाज. "बोला भाभी."

"पोरी, त्या काट्यावर रोज नको गं चढू. डॉक्टर मॅडमनी काय सांगितलेलं? पाळी झाल्यावर, महिन्यातनं एकदा. आणि मी त्या दिवशी जे बोललो ते..."

"म्हायती हाय भाभी. पाणी असतंय ते." अनुजा म्हणाली. "समजतंय सगळं. तरी पण काट्यावर पाय ठेवला की तुमचाच आवाज येतोय बघा कानात."

शाहिस्तानं हातातला टेप मशीनवर ठेवला.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं," अनुजा घाईनं म्हणाली. "आज न्हाय चढलो मी. खरंच. परवा पण न्हाय."

"बरं," शाहिस्ता म्हणाली. "जेव जा. कुकर झालाय तुझा." आणि फोन ठेवून, दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी, ती तशीच बसून राहिली.