डोक्यावरचा खडू

ज्या गुरुजींमुळे मी कॉलेजात पोचलो, त्यांच्याविषयी वाकडं लिहायचा मला काय अधिकार? आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केली नाही. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

भरवेलीच्या खाणचाळीतली आम्ही पोरं ज्या शाळेत जायचो, तिथे गुरुजी चौथीला गणिताच्या तासाला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला लावत. प्रत्येकाच्या डोक्यावर खडूचा तुकडा ठेवत. "मन थांबलं का बुद्धी वाढते. हालते ते माकड," हे त्यांचं ब्रीद. खडू पडला की पोरगं मठ्ठ, मागच्या ओळीत. श्वासाकडे लक्ष देणं वाईट, असं मी म्हणत नाही. आमच्या विहारात म्हातारी माणसं तेवढ्यानंच शांत होतात. पण पोराची बुद्धी खडूनं मोजायची युक्ती गुरुजींनाच सुचली. आम्ही श्वास बघायचो, तेव्हा ते खुर्चीत घोरत.

शेजारची सुमन कायम मागच्या ओळीत. फळ्यावर गुरुजींचा भागाकार अडला, की उत्तर तिथूनच यायचं.

"काहून हालून राह्यली वं? डोक्यात उवा हायेत का?" एकदा त्यांनी तिला विचारलं.

"तुमी घोरले, गुरुजी. दचकली मी."

वर्ग हसला. छडी तिला मिळाली.

चौथीनंतर नागपूरच्या वसतिगृहासाठी शाळेतून एकच नाव जायचं होतं. ज्याचं गेलं तो शिकणार, बाकीच्यांना खाण. गुरुजींनी माझं नाव लिहिलं. "याचा खडू वर्षभर पडला नाही," त्यांनी माझ्या बापाला सांगितलं.

"हौ, गरीब हाय पोरगं," बाप म्हणाला.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली होती. बहुतेक सकाळी मी उपाशीच शाळेत यायचो. हालायला अंगात बळ नसायचं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही. पुढे सुमन तिच्या आईबरोबर खाणीवर दगड फोडायला जाऊ लागली.

त्याला आता वीस वर्षं झाली. परवा बापाचं पोस्टकार्ड आलं. त्याला लिहिता येत नाही. त्याची पत्रं सुमनच लिहून देते. गुरुजी वारले होते. शोकसभेत जो तो माझंच उदाहरण देत होता, ध्यानानं पोरगं कुठल्या कुठं पोचलं म्हणून. त्याखाली तिनं स्वतःचं जोडलं होतं: "माह्या पोरीले औंदा शाळेत घातलं. नवे गुरुजीबी डोळे मिटाले लावतेत. मी तिले सांगून ठेवलं, उघडे ठेव अन् फळा पाह्यत जाय."