मिंडामावशीची सरकी

आमच्या बेटावर कापसाची सरकी निवडावी ती मिंडामावशीनंच. चाळीस वर्षं ती वॉर्डलॉ धन्याची गुलाम होती आणि दर हंगामात लांब धाग्याच्या बोंडांतलं बी एकेक करून वेचायची. त्या बियाण्यावर धन्यानं चार्ल्सटनमध्ये दुमजली घर बांधलं. मावशीला वर्षाला एक जाडाभरडा झगा मिळे. तिच्या दोन पोरी त्यानं विकल्या, ते वेगळंच.

गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं तसा हा शूर गृहस्थ चांदीचे चमचे घेऊन शेपूट घालून पळाला. उत्तरेच्या फौजेनं पळपुट्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि आम्हा सुटलेल्या गुलामांना घरटी चाळीस एकरांपर्यंत वाटून दिल्या. मावशीला ओढ्याकाठचं रान मिळालं, कागदासकट. तिथं तिनं कापूस लावलाच नाही. रताळी लावली.

वर्ष सरायच्या आत नव्या अध्यक्षानं दक्षिणेच्या बंडखोर धन्यांना जमिनींसकट माफी देऊन टाकली. माफी! आम्हाला कुणी विचारलं होतं? ऑक्टोबरात वॉर्डलॉ परतला, सोबत सरकारी कप्तान. जमीन आता पुन्हा धन्याची, असं सांगून कप्तान म्हणाला, "करार करा, कापूस पिकवा, अर्धा हिस्सा मिळेल. नाहीतर जागा सोडा."

धनी मावशीपाशी येऊन लाडीगोडीनं म्हणाला, "मिंडे, तू तर घरातलीच. जुनी सरकी जपली असशील ना? दे, म्हणजे तुला इथंच राहू देतो."

मावशीनं जन्मात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. "घरातली? मग माझ्या पोरी तुझ्या कोण लागत होत्या रे?"

"जुनं उकरू नकोस. सरकी कुठाय?"

"कुजवली. खत केलं तिचं. बघ, रताळी कशी पोसलीत!"

तसलं बियाणं साऱ्या किनाऱ्यावर उरलं नव्हतं. धन्याचं तोंड असं उतरलं की आम्हाला हसू आवरेना. कप्तानानं कागद पुढे केला. "म्हातारे, मार फुली इथं."

"मागच्या कागदावर तुझ्याच सरकारची सही होती. ती पुसलीत, आणि आता माझी फुली हवी होय!"

शिपायांनी तिला धक्क्यावर नेऊन होडीत बसवलं, बोचकं मागून फेकलं. आम्ही तीसजण बघत होतो. एकानंही पाऊल उचललं नाही. मी तर त्याच दुपारी फुली मारली.

दुसऱ्या दिवशी धन्यानं मला मावशीचं रान मोकळं करायला लावलं. मी खणलं. निम्मी रताळी त्याच्या घरी पोचवली, निम्मी माझ्या बायकोनं निखाऱ्यात भाजली आणि आम्ही बोटं चाटून खाल्ली. धन्याची मला किळस आहेच, कप्तानाचीही आहे. पण ती चव आठवली की माझी स्वतःची जास्त येते.